सात किलोतली घोंगडी

बंगलोर, ५ नोव्हेंबर

चोर म्हणायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतंस, दादा. तुझं कायम असंच. आधी बोलून मोकळं व्हायचं नि मग वाटलं तर विचारायचं. पाडव्याला सगळी भावकी जेवायला बसलेली, आणि तू मोकळी ट्रंक अंगणात आणून आपटलीस. म्हणालास, बघा, आमच्या सूरजनं देवाची घोंगडी चोरली नि वर कात्रीनं कापली. एकानंबी विचारलं न्हाई का, की ज्याला चोरायचंच हाय तो घोंगडी कशाला चोरंल?

नमस्कार वर लिहिला न्हाई. राग उतरला तर खाली लिहीन. वहिनी, तुमी दादाला हे वाचून दाखवताना मधलं गाळू नका, आणि माझा आवाज जिथं चढलाय तिथं तुमचाबी चढू द्या. त्यानं माझा नंबर बंद करून टाकलाय, म्हणून हे कागदाचं झेंगट. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, एक पान लिहायला अर्धा दिवस जातो. दादा, तू तर तिसरीतच मेंढरांमागं गेलास. दोघा भावांच्या भांडणात वहिनीचा घसा बसायचा.

तू व्हिडिओ बघून पेटलास हे मला ठाऊक हाय. वेल्ह्याच्या बाजारात न्हाव्याच्या दुकानात कुणी मोबाईल पुढं धरला, म्हणाला तुमच्या भावाला किती लोकं बघत्यात. पण तो व्हिडिओ म्याच आधी वहिनीला पाठवला होता. कौतुक वाटंल म्हणून. चोरानं असं केलं असतं का?

माझं काम काय ते तू कधी विचारलं न्हाईस. तुला वाटतं मी लग्नात फोटो काढतो. फोटो अजितसर काढत्यात. ते भोरचे, पण धंदा हितं बंगलोरला, आणि लग्नं सगळ्या मुलखात. मी सामान भरतो. गेल्या थंडीत ते तोरण्याचे फोटो काढायला आलेले तवा वेल्ह्यातनं त्यांची बॅग वर न्यायला मी गेलो होतो, आठवतं? बॅग खांद्याला लावली नि म्हणालो, साडेअकरा किलो. ते हसले. खाली आल्यावर किराणा दुकानात काट्यावर टाकली, अकरा सहाशे भरली. तवाच म्हणाले, येतोस का माझ्याकडं.

आबांचा हात हाय हा. आबा जाऊन तीन वर्षं झाली, पण अजून बाजारात त्यांचं नाव काढत्यात. करडाच्या पोटाखाली हात घालून नुसतं वर उचलायचे नि सांगायचे, नऊ किलो. गिऱ्हाईक काटा आणायचं, नऊच. तुझ्या हातातबी हाय ते. तू मेंढरांसाठी ठेवलंस, म्या विमानासाठी.

विमानात हातात न्यायच्या बॅगेला सात किलो. त्याच्या वर गेली की काउंटरवरची बाई ती खालच्या सामानात टाकायला लावती. वजन बसलं तरी सुटका न्हाई, लोखंडी चौकट असती, बॅग तीत गेली पायजे. खालच्या सामानात कॅमेरा टाकायची सोय न्हाई, तिथं बॅगा अशा फेकत्यात की आपण लेंडीखताची पोतीबी तशी फेकणार न्हाई. आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या खाली टाकूच देत न्हाईत, पेटतात म्हणं. म्हंजे तिपाई, दिवे, कपडे खाली. आणि जे फुटणारं हाय नि पेटणारं हाय ते सगळं सात किलोत, हातात.

म्हणून कॅमेरा विकत घ्यायच्या आधीच वजन बघायचं. दोन कॅमेरे दिसायला सारखे, पण एक साडेबाराशे ग्रॅम नि एक सातशे. फोटोतला फरक अजितसर सोडून कुणाला दिसत न्हाई. मग सातशेवाला घ्यायचा. लांबचं जवळ ओढणारी लेन्स दीड किलोची मिळती तशी एक किलोचीबी मिळती. किलोवाली अंधारात जरा मार खाती, तर मग दिवा वाढवायचा, दिवा खालच्या सामानात जातो. सर दुकानात जाताना मला संगं नेत्यात. दुकानदार कागदावरचं वजन सांगतो. मी हातात घेऊन, झाकण नि पट्टा धरून खरं किती ते सांगतो. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं असतं.

जून महिन्यात अडलं. सगळं हलकं निवडून बी बॅग साडेसात किलो. बघितलं तर आतले फोमचे खण, पुठ्ठा घातलेले जाडजूड, तेच तेराशे ग्रॅम खात होते. ते काढले तर लेन्सा एकमेकींवर आपटणार. म्हणून घोंगडीचा काठ कापला. काठाकडचं विणकाम दाट असतं, लवकर उसवत न्हाई, पातळ असून धक्का खातं. अकरा तुकडे, सहाशे ग्रॅम. म्या हातानं शिवून खण केले. बॅग सहा किलो आठशे भरली नि चौकटीत सुळकन गेली. अजितसर म्हणाले, हे लोकांना दाखवू, नि त्याचा व्हिडिओ केला, विमानासाठी हलकी बॅग कशी भरायची. त्यात माझे हात दिसत्यात, तोंड न्हाई. तुला भावाचे हात ओळखू आले न्हाईत. घोंगडीचा तांबडा काठ तेवढा ओळखू आला.

चंपाषष्ठीला देव बसवतात ती घोंगडी हीच, हे मला ठाऊक न्हवतं. निघायच्या दिवशी पहाटे ट्रंकेत हात घातला, हाताला लागली ती घेतली. एवढंच हाय.

आता मुद्द्याचं. तू भावकीला सांगितलंस की या साली चंपाषष्ठीला देवाच्या जेवणाचा सगळा खर्च मी एकटा करणार. दादा, तू काय बोललास ते तुला कळतं आणि मलाबी कळतं. भरीत-रोडग्याचा खर्च दोघा भावांनी निम्मा निम्मा उचलायचा, आबा नि चुलत्यांपास्नं चालत आलंय. आपल्यात ज्याचा वाटा घेत न्हाईत त्याला देवापुढं उभं करत न्हाईत. म्हंजे तू मला घरातनं काढलंस, आणि ते कसं, तर जेवणाच्या खर्चाचं नाव पुढं करून. सरळ म्हणाला असतास तर बरं वाटलं असतं.

राग उतरला न्हाई. तरी नमस्कार. आईला सांग, हितं थंडी काहीच न्हाई.

सूरज


बंगलोर, १६ नोव्हेंबर

दादा, वहिनीनं परवा खिंडीत येऊन फोन केला. रेंज येत होती जात होती, पण कळायचं ते कळलं. तू म्हणं वहिनीलाच विचारलंस, ट्रंकेला कुलूप, चावी तुझ्या कमरेला, कोमल, मग त्याचा हात आत गेला कसा? आणि चार दिवस झाले तू वहिनीच्या हातचं खाल्लं न्हाईस, मेंढवाड्यात तीन दगड मांडून भाकरी थापतोयस. कशा थापतोस? तुला तर पिठात पाणी किती घालायचं तेबी कळत न्हाई.

यात वहिनीचा काहीएक संबंध न्हाई. लिहून देतो. कुलूप म्या खिळ्यानं उघडलं. दाराच्या मागं आबांनी पागोटं अडकवायला मारलेला खिळा होता ना, तो ढिला होता, तो काढला. खिळा जरा वाकवून कुलपात घातला नि डावीकडं फिरवला. घोंगडी काढली, कुलूप परत दाबून लावलं, म्हणून तुला मोडलेलं दिसलं न्हाई. खिळा परत ठोकला. आवाज होऊ नये म्हणून दगडाला फडकं गुंडाळलं. आता याच्यापेक्षा जास्ती काय लिहू? वहिनी झोपलेल्या होत्या, आई झोपलेली होती. मी एकटा होतो.

आणि बिबट्यानं कार्तिकात दोन मेंढ्या नेल्या त्या घोंगडीमुळं, असंबी तू म्हणालास. बिबट्या काय व्हिडिओ बघून आला?

बरं, ते राहू दे. तुला ऐकायचं असंल ते सांगतो. काल सकाळी बॅग उलटी केली नि अकराच्या अकरा तुकडे उसवले. एकबी फाटू दिला न्हाई, ब्लेडनं धागा धागा कापला. घोंगडीचा मोठा भाग माझ्याजवळ हाय, धक्का न लागलेला. तुकडे त्याच्यात गुंडाळून ठेवलेत. पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतो. येऊ दिलंस तर.

पण त्यानं दुसरंच लफडं उभं राहिलंय. उद्या जोधपूरला लग्नाला जायचंय. घोंगडी काढली म्हंजे फोमचे खण परत घालायला लागले, आणि बॅग परत साडेसात. अर्धा किलो काढायचं, ते कुठनं? बसलो सगळं जमिनीवर मांडून. बॅटऱ्या दहा, आठशे ग्रॅम. त्या खाली टाकू देत न्हाईत, आणि कमी केल्या तर दुपारपत्तूरच काम थांबंल. लांबची लेन्स एक किलो, पण तिथं मांडव मोठा, नवरानवरी लांब, ती पायजेच. जवळच्या दोन लेन्सा अर्धा अर्धा किलोच्या, एक अंधारातली, एक गर्दीतली. राहिला दुसरा कॅमेरा, सातशे ग्रॅम. तो कधी वापरात येत न्हाई. पहिला बिघडला तर असावा म्हणून असतो. गेल्या पाच महिन्यांत एकदाबी बिघडला न्हाई.

तो काढला. गोदामात कपाटात ठेवला. बॅग सहा आठशे झाली.

अजितसरांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, घोंगडीचे खण का काढले. मग काय सांगणार, भावानं चोर म्हटलं? ते माझ्या हातावर भरवसा टाकत्यात, बॅग उघडून बघत न्हाईत. एका कॅमेऱ्यात लग्न होतं. पूर्वी होत न्हवती का लग्नं?

दादा, वहिनीच्या हातचं खा. त्यांची चूक न्हाई. आईला सध्या काही विचारू नको, तिला आठवत न्हाई नीट.

सूरज


बंगलोर, २४ नोव्हेंबर

गेनूभाऊ, पत्र तुमच्या नावावर टाकलंय पण हाय आमच्या दादाचं. पासलीतनं टपाल घेऊन तुमी वर वस्तीवर जाता तवा त्याला समोर बसवून वाचा. आई पाण्याला गेली असंल अशी वेळ बघा. तुमाला तरास देतोय. पण तुमच्या तोंडून ऐकलं तर तो म्हणणार न्हाई की रचलंय.

दादा, माझं मागचं पत्र वहिनीनं वाचलं नि तू म्हणालास, कागदावर हे न्हाईच. चावी देणारी तू, नि खिळ्याची गोष्ट रचून वाचणारीबी तूच. तवा वहिनी पिशवी भरून आंबवड्याला माहेरी गेल्या. तू आडवलं न्हाईस. त्यांनी तिथनं मला फोन करून एवढंच विचारलं, भाऊजी, तुमी माझ्या नावावर हे काय लिहिलंत? रडल्या न्हाईत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

खिळ्याची गोष्ट रचलेली होती, ते तू बरोबर वळखलंस. पण रचली म्या.

आधी जोधपूरचं सांगतो, मग तेबी सांगतो. क्रम चुकला तर मला लिहिता येणार न्हाई.

जोधपूरला फेरे चालू होते. दुसऱ्या का तिसऱ्या फेऱ्याला कॅमेरा अडकला. बटण दाबलं की नुसता खरखर आवाज. वाळू गेली असंल आत, वारं होतं. सरांनी मागं न बघता उजवा हात माझ्याकडं केला, दुसरा कॅमेरा घ्यायला. रोजची सवय त्यांची, आणि रोज मी त्या हातात बरोबर ठेवतो. तो हात तसाच उघडा राहिला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

राहिलेले फेरे मोबाईलवर काढले. नवरीचा बाप सरांना जे बोलला ते मारवाडीत होतं, पण बोलणं कुठल्याबी भाषेत कळतं. सर खाली मान घालून उभे. सगळं झाल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "सूरज, दुसरा कुठं आहे?"

म्हणालो, वजनात बसला न्हाई. आणि मग गाडीत बसल्यावर सगळंच सांगितलं, घोंगडी, पाडवा, भावकी. भोरचा माणूस, त्याला देवाची घोंगडी म्हंजे काय हे सांगायला लागलं न्हाई. मग म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर पातळ खण दोन दिवसांत मागवले असते. एवढीच गोष्ट होती.

दादा, एवढीच गोष्ट होती.

त्यांनी तिथंच बसल्या बसल्या व्हिडिओ काढून टाकला. दोन लाख लोकांनी बघितलेला. आणि मला सांगितलं, पुढच्या विमानाला तू न्हाईस, गोदाम सांभाळ. तेव्हापास्नं गोदामात हाय. तारा गुंडाळतो, दिवे पुसतो.

आता घरातलं. गेनूभाऊ, आई आली न्हाई ना बघा.

दादा, ट्रंकेत माझा हात गेलाच न्हाई. गेल्या माघात मी निघालो तवा तू मेंढरं घेऊन खाली गेला होतास, मी जातोय म्हणून आपलं बोलणं बंद होतं. आई माझ्यासंगं फाट्यापत्तूर चालत आली. अर्ध्या वाटंत मी म्हणालो, परत जा, तर ऐकलं न्हाई. एसटीचा आवाज आला तसं तिनं पदराखालनं घोंगडी काढली. तांबडा काठ बघून मी म्हणालो, आई, ही देवाची. ती म्हणाली,

"देवाला कुठली थंडी? तुला वाजंल."

आणि गाडी आली. आदल्या दिवशी लुगडं काढायचं म्हणून तिनं वहिनीकडनं चावी मागून घेतली होती. वहिनीला तेवढंच ठाऊक. आईला बंगलोर म्हंजे काश्मीर वाटत होतं. हितं पंखा लावून झोपत्यात हे तिला आजबी सांगितलं तर पटणार न्हाई.

म्या लपवलं ते यासाठी की मी लांब हाय, मला चोर म्हटलं तर ऐकू येत न्हाई. आई तुझ्या घरात हाय. तिचं या वयात तुझ्याशी वाकडं झालं तर ती जाणार कुठं? पण ते उलटून वहिनीवर जाईल एवढं माझ्या डोक्यात आलं न्हाई. माझं डोकं पुढचं बघत न्हाई, तू नेहमी म्हणतोस.

एक राहिलं. आईनं दिली, पण कापली म्या. ती देवाची हाय हे ठाऊक असून कापली. पहिल्या पत्रात ठाऊक न्हवतं लिहिलं ते खोटं. चार महिने म्या ती अंगावर घेतली न्हाई, घडी घालून पेटीवर ठेवली होती. मग जूनमध्ये सर म्हणाले, बॅग सातात बसव, मग जास्तीच्या वजनाचं भाडं वाचतं त्यात तिसरं तिकीट तुझं. न्हाईतर मी नि दिवेवाला, आमी दोघं सामान उचलू, तू हितंच थांब.

दादा, मला विमानात बसायचं होतं. एवढंच कारण हाय, दुसरं काही न्हाई. तोरण्याच्या खालच्या माळावर मेंढरं बसवलेली असायची नि वरनं विमान जायचं, मी बघत राहायचो, तू म्हणायचास, मान मोडंल, मेंढरांकडं बघ. तवापास्नंचं हाय ते. कात्री लावताना माझा हात थरथरला असं लिहिलं तर खोटं होईल. चटचट कापली. बसलो विमानात. खिडकीबी मिळाली. खाली नुसते ढग होते, काही दिसलं न्हाई.

आईला काही बोलू नको. वहिनीला घेऊन ये. मला काय म्हणायचं ते म्हण.

सूरज


बंगलोर, १ डिसेंबर

दादा, काल वहिनीचा फोन आला. हॅलो म्हणायच्या आधीच कळलं की आंबवड्याहून न्हाई, खिंडीतनं हाय. खिंडीतल्या वाऱ्याचा आवाज कानात बसलाय.

त्यांनी सांगितलं, तू भोरवरनं आंबवड्याला गेलास, त्यांच्या बापाच्या ओट्यावर बसलास, पाणी प्यालास नि "चल" म्हणालास. एसटीत दोघं दोन बाकड्यांवर. वहिनीला राग आलाय का विचारलं, तर म्हणाल्या, राग हाय, पण भाकरी माझ्याच हातची खातोय, मेंढवाड्यातल्या चार दिवसांत निम्मा झालाय. हसल्या थोड्या.

पण त्याच्या आधीचं गेनूभाऊंनी मला सांगितलं. वहिनी तवा घरी न्हवत्या, त्यांना हे वाचतानाच कळंल, तू काही सांगणार न्हाईस. म्हणून मला ठाऊक हाय हे तुला ठाऊक असावं.

गेनूभाऊंनी वेळ बघून वाचायला घेतलं, पण माझं पत्र लांबलं नि आई हंडा घेऊन परत आली. उंबऱ्यात उभी राहून शेवटचं पान तिनं ऐकलं. त्यांनी वाचायचं थांबवलं तर हातानंच म्हणाली, वाचा. वाचून झाल्यावर तुला म्हणाली, म्या दिली, आणखी एक असती तर तीबी दिली असती.

आणि तू म्हणालास,

"पंधरा पावसाळं मेंढरांमागं भिजतोय म्या. मला न्हाई वाजली थंडी?"

आईच्या डोईवर हंडा तसाच होता म्हणं. गेनूभाऊंना चहा नको झाला, ते उठून आले.

तेव्हापास्नं माझं कशात लक्ष न्हाई, दादा. गोदामात दिवा पुसायला घेतो नि पुसतच बसतो. तू चोर म्हणालास ते मला बरं होतं. त्यावर उलटं बोलता येत होतं. मला वाटलं तू देवापायी भांडतोयस. देवापायी भांडणाऱ्या माणसाला कसं बोलायचं ते मला येतं, बिबट्याची मस्करी करायची, खिळ्याची गोष्ट सांगायची. यावर मला काही येत न्हाई.

लई आठवून बघितलं. तुझ्या अंगावरची घोंगडी कसली होती? आठवली ती एकच, मधोमध भोक पडलेली, त्यातनं तू डोकं बाहेर काढायचास नि आमी पोरं हसायचो. तूबी हसायचास. नवी कधी बघितली न्हाई. आणि बघितली न्हाई हे मला आजवर ध्यानातबी आलं न्हाई. शाळेत मला घातलं. आठवीत सोडली तर मारलं न्हाई कुणी. बाजारातनं आई खाऊ आणायची तो मी घरात असायचो म्हणून मला. तू माळावर असायचास. ती तुझ्यासाठी ठेवत न्हवती असं न्हाई, ठेवायची. पण तू येईपत्तूर मी खायचो. हे आईला म्या कधी सांगितलं न्हाई. तिला वाटत असंल तुला मिळालं.

तिच्याशी बोलायला लाग. वहिनी म्हणाल्या, दोघं एका चुलीपुढं बसता नि मधे भिंत असल्यासारखं. तिला तुझी थंडी दिसली न्हाई कारण तू कधी गेलाच न्हाईस कुठं. जाणारं पोर दिसतं माणसाला. हे मी तिची बाजू घ्यायला लिहीत न्हाई. घेतली असली तरी आता काय.

घोंगडीचा मोठा भाग नि अकरा तुकडे कालच पार्सलनं पाठवले. वहिनी सांगत होत्या की या साली तू देव नुसत्या पाटावर बसवणार. बसव. हे शिवून परत देवाखाली घालायचं का, ते मी सांगणारा कोण. मला विचारशील तर शिवू नको. मोठा भाग अजून माणसाच्या अंगाला पुरतो, म्या अंगावर घेऊन बघितला, पहिल्यांदाच. माझ्या गुडघ्यापत्तूर आला. तू बुटका हायस.

आता शेवटचं, त्यासाठीच हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. सात तारखेला चंपाषष्ठी. सात तारखेलाच गुवाहाटीला लग्न हाय, आणि सरांनी मला परत बोलावलंय. नव्या पोरानं बॅग भरली ती नऊ किलो झाली, विमानतळावर सगळ्यांपुढं उघडून बसायला लागलं. सर म्हणाले, पाच तारखेला संध्याकाळपत्तूर सांग, तू येतोस का न्हाई. पातळ खण आलेत, दोन्ही कॅमेरे बसत्यात, म्या भरून बघितलं. मी हो म्हणालो न्हाई, न्हाई म्हणालो न्हाई.

एकट्यानं खर्च करणार हे तू मागं घेतलेलं न्हाईस. परत बोललाबी न्हाईस. वहिनीला विचारलं, तर त्यांनाबी कळत न्हाई तुझ्या मनात काय. तुला तोंडानं ये म्हणायला लावायचं असं माझ्या मनात न्हाई. तुझा तो सोभाव न्हाई, आणि माझा हक्कबी राहिला न्हाई. म्हणून गेनूभाऊच्या मोबाईलवर पैसे टाकतोय, ते रोख करून तुझ्या हातात देतील. नको असले तर त्यांनाच परत दे, ते मला परत लावतील. पाच तारखेला दुपारपत्तूर परत आले तर मी गुवाहाटीला जातो, आणि तुला परत तरास देत न्हाई. न्हाई आले तर सहाला सकाळच्या एसटीतनं पासलीच्या फाट्यावर उतरतो. आणायला येऊ नको, सामान काही नसंल.

वांगी, पीठ, तेल, गूळ, भंडारा धरून गेल्या साली जेवढा आला होता तेवढाच खर्च धरलाय. त्यातला धाकट्याचा निम्मा वाटा, दोन हजार तीनशे पन्नास रुपये.